ऱ्हस्व ओ

निपाणीत आधी वास येतो, मग ऋतू.
हे मी दवाखान्याच्या काउंटरवरून सांगतो,
एकवीस वर्षं केसपेपर लिहितोय.
दिवाळीनंतर तवंदीच्या घाटात धुकं उतरतं,
सकाळच्या गाड्या दिवे लावून येतात
अक्षता पडल्यावर पोचलेल्या पाहुण्यांसारख्या, चोरून.
त्या धुक्याला औषध लागत नाही.

संक्रांत मागं पडली की रात्री पाचट पेटतं,
कागलच्या अंगाला त्यांचं, चिकोडीच्या अंगाला आमचं,
आणि पहाटे गच्चीवरच्या अभ्र्यांवर
काळे धागे येऊन पडलेले असतात.
ते फुंकायचे. झटकले तर डाग राहतो.
इथं पोरांनाही हे शिकवावं लागत नाही.

मग वखारी उघडतात, चाळण्या हलू लागतात.
तंबाखूची धूळ तिरिपेत बघाल तर देखणी,
हळदीच्या घरची वाटावी.
नवे डॉक्टर पहिल्या दिवशी सलग अकरा वेळा शिंकले.
रांगेतले पेशंट मोजत होते.

यंदा स्टँडसमोर हवेचा फलक लागला:
लाल आकडे, खाली कानडीत एक शब्द, तृप्तिकर,
जेवून उठल्यावर म्हणावा तसा.
लोक गुळाचा दर बघावा तसे थांबायचे.
"आज किती?"
"अठ्ठावन्न."
"म्हणजे उतरला."
उतरला ते बरं की वाईट, यावर टपरीवर चहाची पैज लागली.
पुढं आकडा अठ्ठावन्नावरच बसला.
समोरचं हॉटेल दिसेना अशा धुळीतही
अठ्ठावन्न, तृप्तिकर.

मार्चात, भर दुपारी, चंपव्वा आली,
हुद्दारांच्या वखारीत चाळणीवर असते ती.
ओठ निळसर, पदर नाकाशी.
डॉक्टर जेवायला गेलेले.
तिची कानडी, माझी मराठी,
एकमेकांच्या भाषेत आम्ही बाजारापुरते.
मी वाफेचं मशीन लावलं, मास्क धरला.
आतून ती म्हणाली, "होगी."
मी बाजूला झालो.
"होगी."
मी दारापर्यंत गेलो. वाटलं, संकोचली असेल,
परक्या पुरुषासमोर छाती अशी वरखाली होताना.
तिसऱ्यांदा तिनं बोलणं सोडलं
आणि हात लांब करून खिडकी दाखवली.
मागच्या परड्यात कुणी देठांचा ढीग पेटवला होता.
पडदा सारून धूर आत आलेला,
नंबर न लावता.

होगी म्हणजे जा.
होगी म्हणजे धूर.
कानडीत ओ दोन आहेत, लांब आणि आखूड.
जा म्हणायला श्वास पुरावा लागतो.
धुराचा आखूड.
आमच्या वाट्याला एकच ओ आला,
हाकेला तोच देतो, ओकारीलाही तोच.
आणि पुस्तकात तंबाखूला होगेसोप्पू म्हणतात,
धुराचा पाला,
हे मला पाठ होतं. ऐकू मात्र आलं नव्हतं.

खिडकी लावली आणि लाइट गेली.
मशीन थांबलं.
स्टँडवरचं अठ्ठावन्नही विझलं असणार.
मी कपाटातला निळा पंप काढला,
तिच्यासमोर स्टुलावर बसलो आणि मोजू लागलो,
ओढ, धर, ओंदू, एरडू, मूरू,
सोड.
पुन्हा. ओंदू.
कितव्या तरी फेरीला तिनं डोळे उघडले,
मान हलवली,
"ओंदू न्हाई," आणि मग नीट म्हणून दाखवला,
आखूड, ओठांच्या टोकावरून,
बी थुंकावं तसा.
मी म्हटला. ती म्हणाली, न्हाई.
पुन्हा म्हटला.
एवढं रागवायला हवा लागते,
ती तिच्याकडं आता होती.

साडेतीनला उठली. अर्धी हजेरी तरी पडावी म्हणून.
डॉक्टर येईपर्यंत थांबा म्हटलं, थांबली नाही.
दारातून मी निरोप दिला, होगी बर्री.
जाऊन या, असं म्हणायचं होतं.
ती पायरीवरच हसली, खोकली, पुन्हा हसली.
म्हणजे मी म्हणालो असेन,
धूर, या.